गावच्या पाण्याची जबाबदारी नव्यानं अंगावर आलीय? सुरुवात शेवटच्या नळापासून करा

पाणीपुरवठा व स्वच्छता समितीत नाव लागलं, किंवा जलसुरक्षक म्हणून नेमणूक झाली, की हातात तीन गोष्टी पडतात: टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची गोणी, ओटीची म्हणजे पाण्यातला क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीन रसायनाची छोटी बाटली आणि आधीच्या माणसानं निम्मी भरलेली नोंदवही. प्रशिक्षण होईल तेव्हा होईल, पाणी मात्र उद्या सकाळीच सोडायचं असतं. हा लेख अशा नव्या माणसांसाठी आहे. उदाहरणं सांगली जिल्ह्यातली घेतलीत, कारण पाण्याची दोन्ही टोकं इथे एका जिल्ह्यात सापडतात. वाळवा, पलूस, मिरजेकडे कृष्णा-वारणेचं पाणी उपसून टाकीत चढवायचं आणि जत, आटपाडीकडे बोअर आणि टँकरवर दिवस काढायचे.

पहिल्यांदा एक समजूत बाजूला ठेवा. नदी किंवा विहीर घाण म्हणून पाणी घाण, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात असतं. सांगलीकरांना तर शेरीनाल्यापासून (शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणारा नाला) सगळं ऐकून पाठ आहे. पण टाकीतून निघालेलं चांगलं पाणी नळापर्यंत जाता जाता बिघडतं, हे गावोगावी घडतं आणि तिकडे कुणाचं लक्ष नसतं. म्हणून तुमचं खरं काम टाकीवर संपत नाही. गावातल्या सगळ्यात लांबच्या, सगळ्यात शेवटी पाणी मिळणाऱ्या नळावर काय येतंय, ते रोज बघणं हे तुमचं काम.

आधी जंतूंबद्दल, कामापुरतं

पाण्यात जंतू असतातच आणि त्यातले बरेचसे निरुपद्रवी असतात. आपल्याला धास्ती आहे ती विष्ठेतून पाण्यात उतरणाऱ्यांची. पटकी, विषमज्वर, हगवण, साधा गॅस्ट्रो हे त्याच वाटेनं येतात. कावीळही (ए आणि ई प्रकारची) त्याच वाटेनं येते, ती विषाणूंमुळे होते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गुइयाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे पेपरात आलेल्या जीबीएसचे रुग्ण वाढले. तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जीवाणू सापडला होता. दूषित पाण्याचा परिणाम जुलाबावरच थांबतो असं नाही.

यातला प्रत्येक जंतू वेगळा शोधत बसणं कुठल्याच प्रयोगशाळेला रोज परवडणार नाही. म्हणून त्या ई-कोलाय शोधतात. हा माणसाच्या आणि गुराढोरांच्या आतड्यात राहणारा जीवाणू. तो पाण्यात निघाला याचा अर्थ पाण्याला कुठेतरी मैला किंवा शेण लागलंय, मग सोबत आणखी काय काय आलं असेल ते समजून घ्यायचं. भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) सांगतं की पिण्याच्या १०० मिलीलिटर पाण्यात ई-कोलाय एकही सापडता कामा नये. थोडा चालेल, अशी सवलत नाही.

आणि पाणी काचेसारखं नितळ आहे म्हणून ते शुद्ध, असं समजू नका. ई-कोलायला रंग नाही, वास नाही, चव नाही.

पायरी १ : लाइन पायी फिरा

गावाच्या पाइपलाइनचा नकाशा दप्तरात असला तरी खरा नकाशा पाणी सोडणाऱ्या माणसाच्या डोक्यात असतो. कुठला व्हॉल्व्ह किती आटे फिरवला की खालच्या आळीला पाणी चढतं, कुठला जोड गेल्या उन्हाळ्यात फुटला होता, कुणी रात्रीत परस्पर कनेक्शन घेतलंय, हे सगळं त्याला ठाऊक असतं. त्याला सोबत घ्या, कागद-पेन्सिल घ्या आणि उगमापासून शेवटच्या घरापर्यंत चाला. मोटरसायकलवरून केलेली पाहणी धरू नका. गटाराखालून गेलेला पाइप गाडीवरून दिसत नाही.

कागदावर कशाकशाची खूण करायची? विहिरीला कठडा आहे का, भोवतीचा ओटा फुटलाय का, बाया तिथेच धुणं धुतात का, जनावरं तिथेच पाण्यावर येतात का. विहीर किंवा बोअरपासून १५ मीटरच्या आत संडासाचा शोषखड्डा किंवा उकिरडा आहे का. बोअरभोवतीच्या काँक्रीटला भेग गेली असेल तर वरचं घाण पाणी केसिंगच्या (बोअरमध्ये बसवलेल्या पाइपाच्या) कडेनं सरळ खाली उतरतं. टाकीचं झाकण जागेवर आहे का, हवेच्या पाइपला जाळी आहे का, नाहीतर कबुतरांचा मुक्काम आतच असतो.

मग लाइन. पाइप गटार कुठे कुठे ओलांडतो ती प्रत्येक जागा लिहा. व्हॉल्व्हचे चेंबर उघडून बघा. निम्म्या चेंबरमध्ये काळं पाणी साचलेलं असतं आणि त्यात व्हॉल्व्ह बुडालेला असतो. जिथे लाइन संपते आणि पुढे जात नाही ती टोकंही लिहा, कारण तिथे गाळ बसतो. अशा टोकाला वॉशआऊट व्हॉल्व्ह (साचलेला गाळ बाहेर सोडायचा) असेल तर तो चालतो का ते फिरवून बघा. बहुतेक जागी तो गंजून घट्ट झालेला असतो किंवा रस्त्याच्या काँक्रीटखाली गाडला गेलेला असतो.

आपल्याकडे चोवीस तास पाणी नसतं, आणि सगळी गोम इथेच आहे. पाणी दोन तास सुटतं आणि उरलेला दिवसभर पाइप रिकामा राहतो. पाणी चालू असताना गळतीतून ते बाहेर येतं. पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि त्याच भोकातून भोवतीचं गटाराचं पाणी आत शिरतं. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की तेच सगळ्यात आधी कुणाच्या तरी हंड्यात जातं. गळतीला आपण पाणी वाया जाण्याचा प्रश्न समजतो. ती त्याहून मोठी भानगड आहे.

पायरी २ : टीसीएल नीट वापरा

टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर. ताज्या मालात साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. गोणी उघडी राहिली, ओल लागली, उन्हात पडली की तो उडून जातो आणि मागे उरतो तो नुसता चुना. २० टक्क्यांच्या खाली गेलेली पावडर पाण्यात टाकणं म्हणजे टाकल्याचं समाधान. म्हणून गोणीवरची उत्पादनाची तारीख बघून माल घ्या, दोन-तीन महिन्यांपुरताच घ्या. प्लॅस्टिकच्या झाकणबंद पिंपात, कोरड्या आणि अंधाऱ्या खोलीत ठेवा. ग्रामपंचायतीच्या ज्या खोलीत संगणक आहे तिथे नको, वाफेनं पत्रा आणि वायरी गंजतात.

प्रमाण सोपं आहे: नेहमीच्या पाण्याला १००० लिटरमागे ५ ग्रॅम. ५०,००० लिटरची टाकी असेल तर २५० ग्रॅम. पाणी किती आहे तेच माहीत नसेल तर गोल विहिरीसाठी फुटात मोजा: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, उत्तर लिटरमध्ये. २० फूट व्यासाच्या विहिरीत १५ फूट पाणी असेल तर १,३२,००० लिटर, म्हणजे ६६० ग्रॅम टीसीएल. खोली दोरीला दगड बांधून दर महिन्याला नव्यानं मोजा. आपल्याकडे मार्च आणि ऑगस्टच्या विहिरी एक नसतात.

हे वजन खरोखर तोलायचं. दोन मुठी, एक वाटी, असा हिशेब चालत नाही. ग्रामपंचायतीत वजनकाटा नसेल तर किराणा दुकानात एकदा पाव किलो तोलून एका प्लॅस्टिकच्या डब्यावर रेघ मारून घ्या.

आता टाकण्याची रीत, कारण सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पावडर टाकीत वरून उधळायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत तोललेली पावडर घ्या, थोडं पाणी घालून लाकडी काठीनं गुठळ्या मोडा, पातळ लगदा झाला की बादली पाऊणपर्यंत भरा आणि ढवळून दहा मिनिटं ठेवा. चुना खाली बसेल. वरची निवळी तेवढी वापरायची, खालचा चुना फेकून द्यायचा, गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी नव्हे तर एखाद्या खड्ड्यात. निवळी टाकीत टाकायची ती टाकी भरत असताना, म्हणजे येणाऱ्या पाण्याबरोबर आपोआप मिसळते. विहीर असेल तर निवळीची बादली पाण्यात सोडून चार-पाच वेळा खालीवर करा, बाजू बदलून करा. शक्यतो रात्री, शेवटचं पाणी भरून झाल्यावर.

मग थांबायचं. किमान अर्धा तास. क्लोरीनला जंतू मारायला वेळ लागतो. पाणी सोडायच्या पाच मिनिटं आधी टाकीत निवळी ओतून लगेच व्हॉल्व्ह उघडणारे महाभाग आहेत. त्यांच्या गावात पहिल्या आळीला पावडरचा वास येतो आणि तिसऱ्या आळीला काहीच नसतं.

गढूळ पाण्यावर क्लोरीन नीट चालत नाही, कारण जंतू गाळाच्या कणाआड लपतात आणि क्लोरीन गाळावरच खर्च होतो. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी लालसर आलं की आधी तुरटी फिरवून ते निवळू द्या, मग टीसीएल.

हे काम हातमोजे घालून, तोंडाला फडकं बांधून, मोकळ्या हवेत करा. टाकी धुवायला कुणी आत उतरणार असेल तर एकट्याला कधीच उतरवू नका. वर माणूस उभा हवा आणि कमरेला दोर हवा.

पायरी ३ : शेवटच्या नळावर ओटी

पावडर टाकली हे महत्त्वाचं, पण ती नळापर्यंत पोचली का हे त्याहून महत्त्वाचं. त्यासाठी ओटी टेस्ट. नळी नळाच्या पाण्यानं दोनदा विसळा, खुणेपर्यंत भरा, किटवर लिहिलेत तेवढे ओटीचे थेंब टाका, झाकण लावून हलवा आणि लगेच, अगदी दहा सेकंदांत, पिवळा रंग तक्त्याशी जुळवा. उशीर केलात तर रंग गडद होत जातो. त्या गडद रंगात दिसणारा सगळा क्लोरीन उपयोगाचा, म्हणजे मोकळा, नसतो. ते द्रव अंगावर सांडू देऊ नका आणि नळीतलं पाणी पिण्याच्या भांड्याजवळ ओतू नका, ओटीचं रसायन विषारी आहे. काही किटमध्ये गुलाबी रंग येणारी डीपीडीची गोळी असते, मिळाली तर तीच बरी.

वाचन हवं किमान ०.२, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम उरलेला क्लोरीन. साथीचे दिवस असतील तर ०.५ धरा. आणि हे वाचन घ्यायचं शेवटच्या नळावर.

बहुतेक नोंदवह्यांत वर्षभर एकच आकडा ओळीनं लिहिलेला दिसतो. तो टाकीखालच्या नळाचा असतो, नाहीतर कुठल्याच नळाचा नसतो. टाकीखालचा नळ खोटं बोलत नाही, पण त्याला फक्त टाकीपुरतं माहीत असतं. तुम्ही रोज तीन जागा धरा: टाकीजवळ, गावाच्या मध्यावर आणि टोकाला. टोकाचं घर रोज बदला. मागासवर्गीय वस्ती, माळावरची वस्ती, नव्यानं झालेली घरकुलं बऱ्याचदा लाइनच्या टोकालाच असतात, आणि त्यांच्याकडे ओटी घेऊन गेलेला माणूस त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलेला नसतो.

आता या तीन आकड्यांचा अर्थ लावायला शिका. सगळं कसब यात आहे.

टाकीजवळ ०.५, मध्ये ०.४, टोकाला ०.२ आला तर ठीक चाललंय. क्लोरीन जाता जाता थोडा खर्च होणारच.

टाकीजवळच काही नाही, तर पावडर मेलेली आहे, कमी टाकलीय किंवा टाकलीच नाही.

टाकीजवळ ०.५, मध्ये ०.४ आणि टोकाला शून्य आला तर मात्र थांबा. क्लोरीन असा अचानक गायब होत नाही, त्याला कुणीतरी खाल्लेलं असतं. आणि क्लोरीन खाणारी गोष्ट म्हणजे घाण. मग मधल्या नळापासून टोकाकडे घरोघर चालत ओटी घ्या. एका घरात ०.३ आहे आणि चार घरं सोडून शून्य आहे असं सापडलं, की गळती त्या चार घरांच्या दरम्यान आहे. तेवढाच तुकडा खोदा. अख्खी आळी उकरायची गरज नाही. ही युक्ती चालवायला पाच-सहा ओटी टेस्ट लागतात, आणि जेसीबीचं एका तासाचं भाडं त्याच्या कितीतरी पट असतं.

हे पाणी चालू असतानाच करायचं. शिवाय संशय असेल तेव्हा पाणी सुटल्या सुटल्या पहिल्या पाच मिनिटांतलं वाचन आणि अर्ध्या तासानंतरचं वाचन वेगवेगळं लिहा. पहिल्यात काही नाही आणि नंतर येतं, तर रात्रभरात पाइपात काहीतरी शिरलंय. तोवर त्या आळीतल्या घरांना सांगून ठेवा की सुरुवातीचं पाणी पिण्यासाठी भरू नका, सांडायच्या कामाला वापरा.

पावडर पुरेशी टाकायला लागलात की तक्रारी येतील. वास येतो, चहा बिघडतो, पोट बिघडतं. आणि मग पाणी सोडणारा माणूस लोकांच्या कटकटीला कंटाळून हळूहळू प्रमाण कमी करतो. नोंदवहीत मात्र आकडा तोच राहतो. हे थांबवायचं तर लोकांशी तुम्ही बोला, त्याच्यावर सोडू नका. उघड्या भांड्यात तास-दोन तास ठेवलं की वास कमी होतो, हे घरोघर सांगा. एखाद्या काकूंच्या दारात त्यांच्याच नळाचं पाणी नळीत घेऊन पिवळा रंग दाखवा: "हा रंग दिसतोय तोवर काळजी नाही. रंग आला नाही तर मला फोन करा." पुढच्या आठवड्यात त्या स्वतःच विचारतात, आज पिवळं आलं का म्हणून. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीचं किट चालवायला शिकवायची तरतूद आहे. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) विचारून घ्या.

पायरी ४ : खड्ड्यातले नळ आणि नळाला लावलेल्या मोटरी

हा भाग तंत्राचा कमी आणि माणसांचा जास्त आहे.

दाब कमी असला की लोक नळ खाली नेतात. अंगणात दोन फूट खड्डा, त्यात तोटी नाही, नुसतं उघडं पाइपाचं तोंड. खड्ड्यात घागर उतरवायची आणि भरायची. पाणी बंद झालं की खड्ड्यात सांडलेलं पाणी, त्यातली माती, कोंबड्यांची घाण, लहान पोराचं काय काय, सगळं त्या उघड्या तोंडातून लाइनमध्ये परत जातं. एका घराचा खड्डा अख्ख्या आळीचं पाणी नासवू शकतो. वर्दळीच्या दिवशी एखाद्या आळीत असे खड्डे मोजा, संख्या बघून तुम्हीच गप्प व्हाल.

दुसरं, मोटर. नळाला थेट मोटर जोडून पाणी ओढलं की लाइनमध्ये उलटा ओढा तयार होतो. जिथे जिथे गळती आहे तिथून बाहेरचं पाणी आत खेचलं जातं, आणि तेही पाणी चालू असताना. म्हणजे बंद पाइपाचा धोका चालू पाइपातही आणून ठेवलेला असतो. मोटर लावणाऱ्याच्या हौदात पाणी पडतं, शेजाऱ्याच्या हंड्यात गटार.

कारवाईची नोटीस काढता येते, पण माझं मत विचाराल तर नोटिशीनं सुरुवात करू नका. लोक खड्डा हौसेनं खणत नाहीत, दाब नाही म्हणून खणतात. आधी पाळ्या नीट लावा. गावाचे दोन-तीन भाग करून प्रत्येकाला वेगळी वेळ दिली की उंचावरच्या घरांनाही पाणी चढतं. मग खड्डा बुजवून नळ जमिनीच्या दीड-दोन फूट वर घ्यायला सांगा आणि तोटी बसवायला लावा. सरपंचांच्या किंवा सदस्यांच्या घरी खड्डा किंवा मोटर असेल तर पहिला तो काढा, नाहीतर पुढे कुणी ऐकणार नाही. मोटरींसाठी पाणी सुटण्याच्या वेळेत त्या भागाची वीज बंद ठेवायचा तोडगा काही गावं काढतात, पण तो सगळ्यांच्या संमतीनंच होतो.

पायरी ५ : तपासणीसाठी नमुना

ओटी आजचं सांगते, प्रयोगशाळेचा अहवाल मागच्या आठवड्याचं. म्हणून एकाच्या जागी दुसरं चालत नाही. जंतूंसाठीची तपासणी वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, होतेच. संशय आला की मधेही पाठवा.

बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, निर्जंतुक केलेली. बिसलेरीची रिकामी बाटली धुऊन चालत नाही. आतल्या तळाला पांढरी भुकटी किंवा थेंब असतील तर ती विसळून टाकू नका. ते सोडियम थायोसल्फेट असतं, ते पाण्यातला क्लोरीन थांबवतं, म्हणजे नमुना घेताना पाण्यात जे जिवंत होतं तेच प्रयोगशाळेला दिसतं.

हात साबणानं धुवा. तोटीला रबरी नळी लावलेली असेल तर काढा. तोटीचं तोंड पुसा, लोखंडी किंवा पितळी असेल तर स्पिरिटच्या बोळ्यानं पेटवून भाजा. दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या. झाकण काढून हातातच धरा, खाली ठेवू नका, बाटलीच्या तोंडाला बोट लागू देऊ नका. गळ्याशी थोडी जागा सोडून भरा आणि बंद करा. चिठ्ठीवर गाव, जागा, कुणाच्या घरचा नळ, तारीख, वेळ आणि त्या क्षणी ओटीचं वाचन किती होतं ते लिहा. मग बर्फाच्या डब्यात. सहा तासांत प्रयोगशाळेत पोचला तर उत्तम, चोवीस तासांच्या पुढे गेला तर नमुना बाद समजा. म्हणून शनिवारी दुपारी नमुने घेऊ नका, सोमवारी किंवा मंगळवारी सकाळी घ्या.

नमुना टाकीचाही घ्या आणि शेवटच्या नळाचाही. नुसता टाकीचा पाठवला आणि तो चांगला आला तर तुम्हाला काहीच कळलेलं नाही. आणि नमुन्याच्या दिवशी मुद्दाम दुप्पट पावडर टाकायची सवय कुठे कुठे आहे. असा अहवाल फाइलीत छान दिसतो.

प्रयोगशाळा लांब असेल तर एचटूएसची कुपी वापरा. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावून घरातल्या उबदार जागी ठेवायचं. २४ ते ४८ तासांत पाणी काळं पडलं तर मैल्याचा संपर्क आहे असं धरायचं. काळं नाही पडलं म्हणजे सगळं निर्धोक, असं मात्र ती सांगत नाही. वापरलेली कुपी जंतूंनी भरलेली असते. तिच्यात ब्लीचिंगचं द्रावण ओतून मगच टाकून द्या, मुलांच्या हाती लागू देऊ नका.

पायरी ६ : अहवाल आला "पिण्यास अयोग्य"

घाबरून पाणी बंद करू नका. लोक मग ओढ्याचं किंवा शेततळ्याचं पाणी भरतात, ते आणखी वाईट. त्याच दिवशी दवंडी द्या, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका, मंदिर-मशिदीच्या भोंग्यावरून सांगा: पिण्याचं पाणी खळखळ उकळी फुटल्यावर एक मिनिट उकळा, किंवा आशाताईंकडून मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं द्रव) घेऊन बाटलीवर लिहिल्याप्रमाणे टाका. टीसीएल वाढवून टोकाला ०.५ आणा. ओटीच्या मागानं गळती शोधा, दुरुस्त करा, टोकाचा वॉशआऊट उघडून लाइन वाहवून घ्या, मग पुन्हा नमुना पाठवा. दुसरा अहवाल येईपर्यंत उकळण्याची सूचना मागे घ्यायची नाही.

त्याच वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गावातल्या खासगी डॉक्टरांकडे विचारा की जुलाब-उलट्यांचे रुग्ण कुठल्या आळीतले आहेत. एकाच आळीतले असतील तर नकाशा काढा आणि बघा तिथे पाइप कुठे गटार ओलांडतो. तांदळाच्या धुवणासारखे पांढुरके जुलाब होत असतील, डोळे खोल गेले असतील, तर पटकीचा संशय धरून ताबडतोब दवाखाना. वाटेत ओआरएस पाजत राहायचं, गाडीसाठी १०८.

पूर, टँकर, जत्रा, ऊसतोड

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४५ फुटांवर धोक्याची पातळी. २०१९ आणि २०२१ चे पूर ज्यांनी पाहिले त्यांना हे आकडे पाठ आहेत. नदीकाठच्या गावानं इशारा पातळीलाच टीसीएल, ओटी आणि मेडिक्लोर उंच जागी हलवावं, कारण पुरात सगळ्यात आधी बुडते ती पंपहाऊसची खोली. पूर ओसरल्यावर बुडालेली विहीर उपसून, गाळ काढून, भिंती धुऊन, नेहमीच्या कितीतरी पट क्लोरीन टाकून ठेवायची, ते पाणी पुन्हा उपसायचं आणि मग वापरात आणायची. हे आरोग्य खात्याच्या माणसाला उभं करूनच करा, प्रमाण तो सांगेल.

जत भागात टँकर आला की बऱ्याच ठिकाणी तो विहिरीत किंवा आडात रिकामा करतात आणि मग पन्नास घरचे पन्नास दोर-पोहरे त्यात पडतात. टँकर भरतानाच दहा हजार लिटरमागे ५० ग्रॅमची निवळी टाकलीय का, हे चालकाला विचारू नका, ओटी घ्या. आणि जमलं तर पाणी आडात न ओतता तोट्या लावलेल्या प्लॅस्टिकच्या टाकीत घ्या.

जत्रेच्या आठवड्यात गावाची वस्ती दुप्पट होते, टाकी दोनदा भरावी लागते आणि दुसऱ्या भरणीला टीसीएल टाकायची राहून जाते. प्रत्येक भरणीला डोस, हे पाणी सोडणाऱ्याच्या भिंतीवर लिहून ठेवा.

आणि दिवाळीनंतर फडात उतरणाऱ्या ऊसतोड टोळ्या. त्यांच्या कोप्या गावाच्या कडेला पडतात, लाइन तिथवर जात नाही, बाया पाटातलं किंवा शेताच्या मोटरीचं पाणी भरतात. समितीच्या यादीत ही माणसं नसतात, पण पाच महिने ती तुमच्याच गावात राहतात. कारखान्याच्या गटकार्यालयाशी बोलून तिथे एक टाकी आणि रोजची ओटी लावून घ्या.

घरातलं

घरोघरी फार उपदेश नको. हंड्याला झाकण आणि पाणी काढायला ओगराळं, एवढं झालं तरी पुष्कळ. पेला बुडवणारा हात नळाच्या पाण्याला पुन्हा घाण करतो. पाणी एटीएमचे वीस लिटरचे जार आता वाड्यावस्त्यांवरही दिसतात. त्या पाण्यात क्षार कमी असतात, पण क्लोरीनही नसतो, म्हणून जार आतून धुतलेला नसेल तर तिसऱ्या दिवशी ते पाणी नळाच्या पाण्यापेक्षा वाईट असू शकतं. जार दोन दिवसांत संपवा आणि तो घासून देता का, हे प्लांटवाल्याला विचारा.

नोंदवही आणि कार्ड

नोंदवहीत रकाने थोडे ठेवा: तारीख, टाकलेली टीसीएल ग्रॅममध्ये, गोणीची तारीख, तीन जागांचं ओटी वाचन घरमालकाच्या नावासह, आणि शेरा. शून्य आलं तर शून्यच लिहा. शून्य लिहिलेलं पान दाखवूनच पाइप बदलायला पैसे मागता येतात. सगळीकडे ०.५ लिहिलेल्या वहीवर कुणी निधी देत नाही.

वर्षातून दोनदा, साधारण एप्रिल आणि ऑक्टोबरच्या सुमाराला, आरोग्य खातं गावातल्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड देतं: धोका जास्त असेल तर लाल, मध्यम असेल तर पिवळं, कमी असेल तर हिरवं. लाल कार्ड मिळालं की सदस्यांचा जीव कासावीस होतो आणि पाहणी करणाऱ्याला चहा-नाश्त्याला बोलावणं सुरू होतं. त्याऐवजी पाहणीच्या दिवशी आरोग्य सेवकासोबत फिरा, तो कुठे टिंब मारतोय ते विचारा आणि ती प्रत्येक जागा पायरी १ मधल्या तुमच्या कागदावर उतरवून घ्या. दुरुस्तीचं अंदाजपत्रक त्याच कागदावरून बनतं आणि पुढच्या मासिक सभेत ते पहिल्या विषयाला ठेवा, शेवटच्या विषयाला निम्मे सदस्य उठून गेलेले असतात.